मोजक्या आप्तेष्टांच्या उपस्थितीत

लग्नपत्रिका हा मराठीतला एक उपेक्षित गद्यप्रकार आहे. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ हा त्याचा प्रारंभ, मग चि. आणि चि. सौ. कां. यांच्या नावांपुढे ज्येष्ठ, द्वितीय, कनिष्ठ अशी अपत्यक्रमाची नोंद. ‘शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’ हे एके काळी निःसंकोच छापले जाणारे आणि पुढे लाजून ‘शुभविवाह’ या शब्दाआड गेलेले वाक्य. आणि शेवटी सहकुटुंब, सहपरिवार अगत्य येण्याचे आर्जव. खाली निमंत्रकांची उतरंड, तिच्यात कोणाचे नाव कोणाच्या वर यावरून झालेल्या रुसव्यांच्या अदृश्य खुणा, आणि कोपऱ्यात घरातल्या चिल्यापिल्यांच्या तोंडी घातलेले ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ मराठीच्या वर्गात आम्ही पोवाडा शिकवतो, बखर शिकवतो, पत्रवाङ्मयही शिकवतो. घरोघरी पोचणारा हा मजकूर मात्र अभ्यासक्रमाच्या उंबऱ्याबाहेरच राहिला.

या पत्रिकेचे एक धाकटे भावंड आहे. ते लग्नाच्या आधी येत नाही, नंतर येते. ‘मोजक्या आप्तेष्टांच्या उपस्थितीत विवाह संपन्न झाला’ एवढेच त्यात असते. पत्रिकेचा काळ भविष्य, हिचा भूत. पत्रिकेत यजमान समोर उभा राहून हात जोडतो, इथे कर्ता जागेवरून उठून गेलेला असतो आणि ‘संपन्न झाला’ हे कर्मणी वळणाचे क्रियापद त्याच्या जागी दाराशी उभे असते. ज्यांना बोलावले त्यांना ही बातमी सांगण्याची गरजच नसते. म्हणजे हा मजकूर लिहिला जातो तो न बोलावलेल्यांसाठी. ‘मोजक्या’ या विशेषणात किती माणसे मोजली हे सांगितलेले नसते. वाचणारा मोजणीच्या बाहेर राहिला, एवढे मात्र नेमके कळते.

गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या सुस्थित मध्यमवर्गात हे मोजके लग्न प्रतिष्ठेचे झाले आहे. तीस-चाळीस माणसे, एखादा जुना वाडा किंवा बंगल्याचा व्हरांडा, झगमगाटाऐवजी समया, मोगऱ्याचे चार गजरे, आजीची जुनी पैठणी, केळीच्या पानावर बेताचे पण निगुतीने केलेले जेवण. असल्या लग्नाची वाखाणणी करताना ते काही नवे असल्यासारखे बोलले जाते. हजार-हजार पाहुण्यांच्या उधळपट्टीपुढे ते नवे वाटते हे खरे. परंतु आमच्या शहरांत छोट्या लग्नाला दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो वाचताना ध्यानात येते की अभिरुची ही त्यात फार उशिरा आलेली पाहुणी. छोट्या लग्नाचे छोटेपण पूर्वी यजमान ठरवीत नसे. ते बहुतेक वेळा न येणारे ठरवीत असत.

मोठ्या लग्नामागचे तर्कशास्त्र आधी समजून घ्यायला हवे. विवाहाची नोंद कोणत्याही कचेरीत होत नसे त्या काळी लग्न झाल्याचा पुरावा म्हणजे पंगत. जातभाई आले, अक्षता टाकल्या, शेजारी शेजारी बसून जेवले, की लग्न लागले. जेवून उठलेला प्रत्येक माणूस हा साक्षीदार, आणि तो पुढे जन्मभर साक्ष देण्यास बांधलेला. घरोघरी अक्षत देत फिरणे, मानपानाचे नारळ, व्याही-विहिणींची बडदास्त, हे सारे या साक्षीदारांना बांधून घेण्याचे उपाय होते. त्यामुळे चार माणसांत लागलेले लग्न हे संशयास्पद. ‘चोरून लग्न केले’ हा वाक्प्रयोग मराठीत त्याच दृष्टीतून आला आहे. जातीचे शस्त्रही पंगतच होते. ज्याला वाळीत टाकायचे त्याला कोणी मारहाण करीत नसे. त्याच्याशी अन्नव्यवहार व बेटीव्यवहार बंद होई, आणि त्याच्या घरच्या कार्याला कोणी फिरकत नसे.

१५ जून १८६९ रोजी मुंबईत पांडुरंग विनायक करमरकर आणि वेणूबाई यांचा पुनर्विवाह झाला तो या पार्श्वभूमीवर. विष्णुशास्त्री पंडित हे या चळवळीचे सूत्रधार. इंदुप्रकाशातून त्यांनी विधवाविवाहाचा पक्ष हिरीरीने मांडला होता आणि त्यासाठी मंडळही स्थापन झाले होते. विधवाविवाह कायदेशीर ठरवणारा कायदा १८५६ सालीच झाला होता. म्हणजे सरकारची हरकत नव्हती. हरकत होती ती पंगतीची. या विवाहाला पाठिंबा देणाऱ्यांवर बहिष्कार पडला, त्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, पुण्यात शंकराचार्यांच्या उपस्थितीत या प्रश्नावर मोठा शास्त्रार्थ झाला आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. पाहुण्यांची यादी एरवी हौसेने केली जाते. इथे तीच उद्या वाळीत पडणाऱ्यांची यादी ठरली. यादीतले प्रत्येक नाव घरी जाऊन आईला, बायकोला, भिक्षुकाला, पाणक्याला तोंड देणार होते. बहिणीचे माहेरपण, पोरांच्या मुंजी, घरच्या श्राद्धाला लागणारे ब्राह्मण, एवढे सारे त्या एका अक्षतेच्या मोबदल्यात पणाला लागलेले होते.

मुंबईच्या गुजराती समाजातही १८७१ मध्ये माधवदास रघुनाथदास या व्यापाऱ्याने धनकोरबाई या विधवेशी विवाह केला. करसनदास मुळजींचा त्यांना आधार होता. जातीचा रोष इतका होता की पोलिसांच्या बंदोबस्ताची गरज पडली. पुढे १८९० मध्ये माधवदासांनी या विवाहाची हकीकत इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. दाराशी वाजंत्री असण्याच्या जागी शिपाई उभे आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. आजच्या निवडक लग्नांच्या दाराशीही गणवेशातले रखवालदार असतात. त्यांचे काम मात्र नावे ताडून पाहण्याचे.

आता १८७३ च्या अखेरीकडे वळू. पुणे शहरात थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन लहान लग्ने झाली. दोन्ही साधी, दोन्हींत वाजतगाजत मिरवणूक नाही; पण एक दुसऱ्याचे जणू उलटे प्रतिबिंब.

पहिले रानड्यांचे. प्रथम पत्नी सखूबाई त्याच वर्षी वारल्या होत्या. रानडे तिशी ओलांडलेले, विधवाविवाहाच्या पक्षाचे म्हणून ख्यात आणि त्यापायी बहिष्कार सोसलेले. मुलगा विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी घाईघाईने अकरा वर्षांची मुलगी पाहिली आणि रानडे वडिलांच्या शब्दाबाहेर जाऊ शकले नाहीत. ती मुलगी म्हणजे पुढच्या रमाबाई. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात त्यांनी या लग्नाचा वृत्तान्त दिला आहे: वैदिक विधी तेवढे झाले, लौकिकाचे काही झाले नाही, आणि घरी परतल्यावर नवरदेव कोणाशी न बोलता खोलीत जाऊन दार लावून बसले. रमाबाईंची लेखणी इथे जराही तक्रार करीत नाही. म्हणूनच ते बंद दार वाचणाऱ्याच्या मनातून जात नाही. हे लग्न छोटे झाले ते लाजेने. सुधारक मित्र हसत होते, सनातनी हसत होते, आणि दोघांच्या हसण्याला कारण होते. ज्याने दुसऱ्याच्या लग्नात उभे राहून बहिष्कार पत्करला त्याला स्वतःच्या लग्नात उभे राहणे जमले नाही. पुढे त्याने त्या मुलीला शिकवले आणि ती मुलगी सेवासदनापर्यंत पोचली, हे सारे खरे. पण त्याने त्या संध्याकाळचे स्वरूप बदलत नाही. दाराच्या बाहेर एक अकरा वर्षांची मुलगी होती आणि त्या घरात तिच्या ओळखीचे असे कोणी नव्हते.

दुसरे लग्न २५ डिसेंबर १८७३ चे. सत्यशोधक समाज स्थापन होऊन तीनच महिने झाले होते. सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा ग्यानोबा निंबणकर यांचा हा विवाह भिक्षुकावाचून लागला. वधूची आई ही सावित्रीबाईंची मैत्रीण. सावित्रीबाईंचाच या कार्यात पुढाकार होता. खर्च म्हणावा तर विडा-सुपारीचा. पुढल्या वर्षी हडपसरला ग्यानोबा ससाणे यांचे दुसरे लग्न याच पद्धतीने लागले आणि त्यालाही विरोध झाला. इथले छोटेपण लाजेचे नव्हते. भटाला दक्षिणा देण्यासाठी, मानपानासाठी सावकाराच्या दारी जाणारा शेतकरी फुल्यांनी पाहिला होता. कर्जाचा हा उंबरठाच ओलांडायचा नाही, असा त्या विडा-सुपारीचा अर्थ होता.

आम्हा भाषेच्या शिक्षकांना या विवाहपद्धतीत आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. जोतीरावांनी १८८७ मध्ये या विधीची पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत मंगलाष्टके मराठी आहेत, आणि ती भटजी म्हणत नाही. वर आणि वधू ती आळीपाळीने एकमेकांना उद्देशून म्हणतात. वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते, वर ती मान्य करतो, आणि जमलेले लोक ते ऐकतात. अंतरपाटाच्या आड मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या नवरीला या संहितेने संवाद दिला. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर तोवर ती रंगभूमीवर असूनही मूक पात्र होती. हे संवाद कानावर पडण्यासाठी लोक थोडे आणि जवळ असणे सोयीचे होते, असे आपले आम्हांला वाटते. हजारांच्या मांडवात कोण काय म्हणते हे ताशा-सनईच्या आवाजात कोणाला कळले असते? पुढे सत्यशोधक लग्ने गावोगावी पसरली आणि मोठीही झाली, ही गोष्ट वेगळी.

एकाच शहरातल्या, एकाच ऋतूतल्या या दोन लग्नांची नोंद वाङ्मयेतिहासात शेजारी शेजारी क्वचितच होते. एक आत्मपर गद्याच्या प्रकरणात जाते, दुसरे सामाजिक चळवळीच्या. विद्यार्थ्यांनी ती एकदा एकाच पानावर लिहून पाहावीत.

वीस वर्षांनंतर, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यातच धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक, आणि कर्व्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण. लग्न पुण्यात लागले आणि हिशेब मुरूडला मांडला गेला. गावाने सभा भरवून बहिष्कार जाहीर केला, आणि कर्व्यांना घरात घेतले तर त्यांच्या आई-भावांनाही तीच शिक्षा. शहरातले लग्न असे कधी शहरापुरते राहत नसे. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५) आणि बायांचे ‘माझे पुराण’ (१९४४) एकाआड एक वाचावीत. एकात गणिताच्या अध्यापकाचा मोजका, आकडेवारीचा स्वर. दुसऱ्यात कोकणी फटकळपणा. कर्वे घटनेचे परिणाम सांगतात, बाया माणसे सांगतात. लग्नाला कोण आले यापेक्षा कोण आले नाही याची याद बायांसारख्या स्त्रीला अधिक तिखट असणार. माहेर-सासर या दोन्ही शब्दांचा व्यवहार त्या गैरहजेरीवरच ठरतो.

या सगळ्या काळात कायदाही आपली पाहुणेयादी तयार करीत होता. केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो अनुयायांच्या मागणीतून १८७२ चा विशेष विवाहाचा कायदा आला. त्याखाली लग्न करणाऱ्यांनी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन, यहुदी यांपैकी कोणीही नाही असे लिहून द्यायचे. कोणाचेच नसल्याचे कबूल करा, मग एकमेकांचे व्हा, असा हा व्यवहार! १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसांत धर्म न नाकारता या कायद्याखाली विवाह करता येऊ लागला. १८७२ च्या कायद्याने निबंधकासमोर तीन साक्षीदार मागितले. १९५४ च्या कायद्यानेही तीनच मागितले. कायद्याच्या लेखी लग्नाची सर्वांत छोटी यादी ती हीच: तीन माणसे आणि एक अधिकारी.

याच कायद्यात पत्रिकेचा एक विलक्षण पर्याय दडला आहे. १९५४ च्या कायद्यानुसार विवाहाच्या इराद्याची नोटीस तीस दिवस आधी द्यावी लागते आणि ती कचेरीत लोकांच्या नजरेस पडेल अशी लावली जाते. नोटिशीतही वधूवरांची नावे असतात, वये असतात, पत्ते असतात, पत्रिकेसारखेच सारे. फरक एवढाच की पत्रिका लोकांना अगत्याने यायला सांगते आणि नोटीस त्यांना हरकत असल्यास यायला सांगते. आंतरजातीय वा आंतरधर्मीय विवाह करू पाहणाऱ्या कितीतरी मुलामुलींनी या तीस दिवसांत ओळखीचा कोणी त्या फलकापाशी थांबेल या भीतीने श्वास रोखून धरला आहे. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही जाहीर प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडावी असा निर्णय दिला. या जाहीर फलकामागे पंगतीचीच जुनी नजर आहे, असे आमचे मत आहे.

नोंदणी विवाहाचे मराठीतले सर्वांत परिचित चित्र मात्र भीतीचे नाही, गमतीचे आहे. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत सुनीता ठाकूर आणि पु. ल. देशपांडे यांचे लग्न झाले. ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) मध्ये सुनीताबाईंनी ते सांगितले आहे. ठरलेल्या दिवसाच्या आदल्याच दिवशी वडिलांनी वकील मित्रांना घरी आणले, सह्या झाल्या, खर्च आला तो अर्जाचा, आठ आणे. रत्नागिरी हे काही महानगर नव्हे, पण मुंबईत वाढलेल्या एका राजकीय-सांस्कृतिक वाऱ्याचे हे लग्न होते. बेचाळीसच्या आंदोलनात उतरलेल्या तरुणीला लग्नसंस्थाच मुळात अनावश्यक वाटत होती आणि समारंभ तर साफच. या आठ आण्यांचे महाराष्ट्राने पुढे फार कौतुक केले. कौतुक योग्यच. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. या लग्नाला घरच्यांचा विरोध नव्हता. साक्षीदार खुद्द वडिलांनीच आणले होते. साधेपणा निवडता येतो तेव्हा तो विनोदाने सांगता येतो. कर्व्यांना वा करमरकरांना ही चैन नव्हती.

निवडता येणे आणि न येणे यांतले अंतर एकाच आयुष्यात पाहायचे असेल तर डॉ. आंबेडकरांची दोन लग्ने पाहावीत. पहिले विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. भीमराव विद्यार्थिदशेत, रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या. लग्न मुंबईत, भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपून दुकाने बंद झाल्यावर. धनंजय कीरांनी चरित्रात याचे वर्णन केले आहे: वराकडची मंडळी एका कोपऱ्यात, वधूकडची दुसऱ्यात, बसायला बाजाराचे दगडी ओटे आणि पायाखालून वाहणारे गटाराचे पाणी. सकाळी बाजार भरण्यापूर्वी जागा मोकळी करून द्यायची. शहर दिवसभर ज्यांना जागा देत नाही त्यांनी रात्री उसनी घेतलेली ही जागा. चाळीच्या खोलीत मांडव घालता येत नाही आणि कार्यालयाचे दार उघडत नाही, तेव्हा मुंबईसारख्या शहरात लग्न कुठे लागते, या प्रश्नाचे हे उत्तर आहे. मराठी शहरी लग्नाचा इतिहास कोणी सविस्तर लिहील तेव्हा त्याने सभागृहांच्या आधी त्या ओट्यांपासून आरंभ करावा.

दुसरे लग्न १५ एप्रिल १९४८ चे, नवी दिल्लीत, १ हार्डिंग ॲव्हेन्यू या त्यांच्या राहत्या बंगल्यात. रमाबाईंना जाऊन तेरा वर्षे होत आली होती. बाबासाहेब स्वतंत्र भारताचे कायदामंत्री. राज्यघटनेचा मसुदा त्याच फेब्रुवारीत संविधान सभेच्या अध्यक्षांना सादर झालेला. मधुमेहाने शरीर पोखरलेले. वधू डॉ. शारदा कबीर, मुंबईच्या डॉक्टर, सारस्वत ब्राह्मण घराण्यातल्या. विवाह नोंदणी पद्धतीने, मोजक्या मंडळींच्या उपस्थितीत. राजधानीतल्या केंद्रीय मंत्र्याच्या लग्नाला किती लोक जमवता आले असते हे सांगायला नको, आणि ज्या जनतेचे ते बाबासाहेब होते तिला बोलावणे गेले असते तर दिल्लीच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा उरली नसती. आदल्याच दिवशी त्यांचा वाढदिवस होता. तरीही घरातले एक दालन, सह्या, थोडी माणसे. हे लग्न आम्हांला शहरी, सुसंस्कृत, छोट्या विवाहाचे अत्यंत नेमके उदाहरण वाटते, कारण त्यातला प्रत्येक निर्णय जाणूनबुजून घेतलेला आहे. ज्या नागरी विवाहपद्धतीला हिंदू कोड बिलात स्थान देण्यासाठी ते पुढली काही वर्षे कायदेमंडळात झगडणार होते आणि ज्या विधेयकाच्या कोंडीमुळे १९५१ मध्ये मंत्रिपद सोडणार होते, तीच पद्धत त्यांनी आधी आपल्या घरात आचरली.

या लग्नाच्या छोटेपणाची किंमत मात्र बाबासाहेबांनंतर वधूला मोजावी लागली. १९५६ नंतर सविताबाईंवर जे आरोप झाले आणि त्यांना ज्या एकांतात दीर्घकाळ राहावे लागले त्याबद्दल ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ (१९९०) या त्यांच्या आत्मकथनात वाचायला मिळते. लग्नाला हजर नसलेला समाज त्या लग्नाचा साक्षीदार होत नाही, हे जुने सूत्र इथे वेगळ्या रीतीने पुढे आले. लाखोंना आपल्या बापाच्या लग्नाची बातमी वर्तमानपत्रातून कळली होती. आपल्याला न बोलावलेल्या लग्नातल्या सुनेला घरची म्हणायला समाज वेळ घेतो. सविताबाईंच्या बाबतीत त्याने फार वेळ घेतला. पुस्तक वाचताना आम्हांला सारखे वाटत राहिले की त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला त्या दालनात आणखी थोडी माणसे असायला हवी होती.

स्वातंत्र्यानंतर छोटे लग्न हळूहळू सौम्य झाले. सेवादल, समाजवादी, सर्वोदयी मंडळींनी हारांच्या अदलाबदलीचे, एखाद्या ज्येष्ठाच्या चार शब्दांचे लग्न रूढ केले. गिरगाव, दादर, पार्ले, सदाशिव पेठ इथल्या नोकरदारांनी त्यातून आपला तोडगा काढला: सकाळी निबंधकाच्या कचेरीत सह्या, संध्याकाळी शाळेच्या वा संस्थेच्या सभागृहात स्वागतसमारंभ, हातात आइस्क्रीमची बशी आणि वेफर्स. ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ पत्रिकेत आली ती याच सुमारास, आणि ती वाचूनही आहेर आणणारे लोकही. साठ-सत्तरच्या दशकांतील अन्नटंचाईत निरनिराळ्या राज्यांनी अतिथी नियंत्रणाचे आदेश काढून जेवणावळींवर मर्यादा घातल्या. साधेपणाला तेवढा सरकारी आधारही मिळाला. त्या पिढीच्या साधेपणाची आज टिंगल होते. आम्हांला ती पटत नाही. त्या आइस्क्रीमच्या बशीमुळे कितीतरी वधुपित्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे वाचले.

सरकारने छोटे लग्न सक्तीचे केल्याचा सर्वांत अलीकडचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. दुसऱ्या लाटेत, २२ एप्रिल २०२१ पासून, महाराष्ट्रात ती पंचवीसवर आली: एकाच जागी, एकच समारंभ, दोन तासांत आटोपणारा, आणि नियम मोडल्यास पन्नास हजार रुपये दंड. दोन्ही घरे मिळून पंचवीस, भटजी आणि छायाचित्रकार धरून! घराघरांत कागद-पेन्सिल घेऊन माणसे बसली आणि जे एरवी कधी उच्चारायचे नसते ते उच्चारावे लागले: मावशी की आत्या, सख्खा काका की वाढवलेला शेजारी, ऑफिसातला मित्र की गावचा चुलतभाऊ. नात्यांची अशी लेखी प्रतवारी मराठी कुटुंबांनी त्यापूर्वी क्वचितच केली असेल. पण त्या वेळी दोष देण्यास साथ होती, सरकार होते. वगळलेला माणूसही समजून घेत होता.

साथ गेली. यादी करण्याची ती सवय काही घरांत राहिली, आणि तिच्याभोवती आता अभिरुचीचा एक देखणा व्यवसाय उभा आहे. आम्ही त्यावर नाक मुरडणार नाही. हजार पानांच्या उष्ट्यापेक्षा चाळीस माणसांचे शांत जेवण केव्हाही बरे, आणि कर्ज काढून केलेल्या लग्नापेक्षा तर फारच बरे. मात्र या लग्नांचे माणशी गणित कोणी मांडले तर ते जुन्या गावजेवणाहून महाग भरेल, आणि साधेपणाचे श्रेय घेताना याचा विसर पडतो. शिवाय यादीतून गळतात ते कोण, हेही पाहण्याजोगे आहे. व्हरांड्याच्या शोभेत न बसणारे असे काही नातलग प्रत्येक घरी असतात: गावाकडून रात्रीच्या एस्टीने येणारा चुलतमामा, मोठ्याने बोलणारी आत्या, पूर्वी घरी कामाला असलेल्या आणि लेकरांना अंगाखांद्यावर खेळवलेल्या बाई. मोठ्या मांडवात ही सगळी माणसे आपसूक सामावत, एखाद्या पंगतीत कुठेतरी बसत, आणि नवरीच्या डोक्यावर हात ठेवून परतत. चाळीसांच्या यादीत त्यांच्यासाठी मुद्दाम जागा करावी लागते. १८६९ मध्ये मोठा समाज छोट्या लग्नाला वाळीत टाकत होता. आता छोट्या लग्नाने कोणाला वाळीत टाकावे हे यजमानाच्या हाती आहे, आणि ते तो अतिशय सौजन्याने करतो. दुसऱ्या दिवशी छायाचित्रांसोबत ‘मोजक्या आप्तेष्टांच्या उपस्थितीत’ ही ओळ मोबाइलवर येते, आणि चुलतमामाही खाली आशीर्वाद लिहितो.

जुनी छोटी लग्ने मात्र संपलेली नाहीत. निबंधकाच्या कचेरीत आजही सकाळच्या वेळी बाकावर बसलेली एखादी जोडी दिसते, दोन मित्र आणि एक मैत्रीण एवढ्यांसह. मुलीच्या हातात पिशवी, पिशवीत हार. तिघेही साक्षीदार आपापली ओळखपत्रे पुन्हा पुन्हा तपासून पाहत असतात, आणि दाराशी पावले वाजली की पाचही जण एकदम वळून पाहतात.